मायसेलच्या गाभ्यात पाणी किती? पोलोक्झामर ४०७ च्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याहून रोज पणजीला जाऊन एम.फार्म. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने पोलोक्झामर ४०७ या पॉलिमरच्या मायसेलमध्ये, म्हणजे पाण्यात त्याचे रेणू एकत्र येऊन बनणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये, हळदीतलं कर्क्युमिन भरलं आहे. डीएलएसवर (प्रकाशाच्या प्रकीर्णनातून कणांचं माप काढणाऱ्या यंत्रावर) व्यास साधारण २२ नॅनोमीटर येतो. शोधनिबंधांत मात्र न्यूट्रॉन प्रकीर्णनातून काढलेली गाभ्याची त्रिज्या साडेचार नॅनोमीटरच्या आसपास दिलेली असते, आणि क्रायो-टीईएमच्या (गोठवलेला नमुना पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रांतही बारीक ठिपकेच दिसतात. यातलं खरं माप कोणतं, गाभा खरोखर कोरडा असतो का, आणि आपलं कर्क्युमिन नेमकं कुठे बसलं आहे, असं तिने विचारलं आहे. सकाळचं आणि दुपारचं रीडिंग जुळत नाही, ही अडचणही तिने सोबत लिहिली आहे.

मी बरीच वर्षं वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत फॉर्म्युलेशनचं काम करतो. त्याआधी संशोधन करताना याच पॉलिमरांचे नमुने घेऊन ट्रॉम्ब्याला ध्रुव अणुभट्टीच्या न्यूट्रॉन किरणापुढे बसलो आहे. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळून ठाऊक आहेत. उत्तर लांबणार आहे, कारण चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि ते नीट उलगडल्याशिवाय सुटे आकडे पाठ करून उपयोग नाही.

तिन्ही मापं खरी आहेत. ती एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या थरांची आहेत. असोला नारळ जसा सोडणासकट एवढा मोठा आणि आतली करवंटी त्या मानाने लहान, तसं डीएलएसला सोडणासकट माप मिळतं आणि क्रायो-टीईएमला जवळपास करवंटीच दिसते. मायसेलच्या बाहेरच्या झालरीत, म्हणजे शोधनिबंधांत जिला कोरोना म्हणतात त्या भागात, इतकं पाणी असतं की इलेक्ट्रॉनांना ती भोवतालच्या बर्फापासून वेगळी ओळखूच येत नाही. डीएलएस मात्र कण द्रावणात किती वेगाने हेलकावतो हे मोजतं, आणि कण हलतो तो झालरीत अडकलेलं पाणी सोबत घेऊनच. फरक एवढाच की नारळात करवंटी कुठे संपते हे बोटाने दाखवता येतं आणि इथे तशी रेघ नसते. पुस्तकातल्या चित्रात मधे लाल गोळी आणि भोवती निळे केस असतात. पहिल्या तासाला ते चित्र ठीक आहे. पण औषध कुठे बसलं हे ठरवायची वेळ आली की तेच चित्र आपल्याला फसवतं.

आधी रेणू पाहू. पोलोक्झामरच्या आकड्यातच त्याचा हिशोब दडलेला आहे: पहिले दोन अंक गुणिले शंभर म्हणजे साखळीच्या मधल्या पॉलिप्रोपिलीन ऑक्साइडचं (पीपीओ) अंदाजे वजन, आणि शेवटचा अंक गुणिले दहा म्हणजे दोन्ही टोकांच्या पॉलिइथिलीन ऑक्साइडचं (पीईओ) शेकडा प्रमाण. म्हणजे ४०७ मध्ये मधला पीपीओ साधारण ४००० चा आणि एकूण वजनात पीईओ ७० टक्के. प्लुरॉनिक एफ-१२७ हा तोच पदार्थ. रेणूचं वजन सुमारे १२,६००, मधे पीपीओची ६५ एककं (पीओ) आणि दोन्ही बाजूंना पीईओची सुमारे शंभर-शंभर एककं (ईओ).

ईओ आणि पीओ यांत फरक किती, तर एका मिथाइल गटाचा. तेवढ्याने साखळीचा एक तुकडा (ब्लॉक) जलस्नेही राहतो आणि दुसरा जलविरोधी होतो, पण दुसऱ्याचा हा जलविरोध कच्चा आहे. थंड पाण्यात पीपीओभोवतीही पाण्याचे रेणू व्यवस्थित रचले जातात आणि अख्खी साखळी विरघळते. तापमान वाढलं की ही रचना टिकत नाही. पीपीओवरचं पाणी सुटतं, मोकळं होतं, आणि साखळ्या एकत्र येऊन गाभा बनवतात. या प्रक्रियेला उष्णता लागते: एका मोलमागे साधारण २०० ते ३०० किलोज्यूल. ती घडते एन्ट्रॉपीच्या जोरावर, सुटलेल्या पाण्याच्या मोकळेपणामुळे. साबणाच्या मायसेलची सवय असलेल्यांना तापमानाचा एवढा प्रभाव पटत नाही, पण इथे सगळा खेळ तापमानाचाच आहे.

सकाळ-दुपारच्या रीडिंगचं उत्तरही इथेच मिळतं. एफ-१२७ च्या १ टक्का द्रावणात मायसेल बनायला सुरुवात होते ती २४ अंश सेल्सिअसच्या आसपास. ५ टक्क्यांत हेच तापमान २० च्या किंचित खाली येतं. उलट बाजूने पाहिलं तर २५ अंशांना मायसेल बनायला सुमारे ०.७ टक्के पॉलिमर लागतो आणि ३५ अंशांना ०.०२५ टक्के पुरतो. दहा अंशांत पंचवीस-तीस पटींचा फरक! आता आपल्या गोव्यातली प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणा. एसी २२ वर लावलेला असतो, बाहेर मे महिन्यात ३३-३४, पावसाळ्यात २८ च्या आसपास, आणि आषाढात वीज कधी जाईल सांगता येत नाही. एसी चालू असताना बाकावर ठेवलेल्या तुमच्या १ टक्का द्रावणात मायसेल जवळपास नसतातच. वीज गेली आणि खोली २९ वर गेली की तीच बाटली मायसेलने भरते. थंडगार लॅबमध्ये आखलेली कृती वाचून आपण तंतोतंत तसंच करतो, पण आपली खोली या पॉलिमरच्या नेमक्या उंबरठ्यावर उभी आहे हे लक्षात घेत नाही.

त्यात तुम्ही डीएलएससाठी नमुना दहापट पातळ केला असेल, तर ०.१ टक्क्याला २५ अंशांवर मायसेल विरघळूनच जातात. मग पाच-सहा नॅनोमीटर व्यासाचं एक शिखर दिसतं, ते सुट्या साखळ्यांचं. ते पाहून ‘कण लहान झाले’ असं लिहू नका. बाजारात मिळणारा पॉलिमर एकसारख्या लांबीचा नसतो, त्यात थोडा डायब्लॉकही (तीनऐवजी दोनच ब्लॉक असलेला) मिसळलेला असतो. त्यामुळे हे संक्रमण एका अंशात न होता काही अंशांत पसरतं आणि बॅच बदलली की थोडं सरकतंही. यंत्राच्या खणात क्युवेट (नमुन्याची छोटी कुपी) ठेवल्यावर तापमान नीट स्थिरावू द्या. यंत्राच्या पडद्यावर ३७ दिसतं तेव्हा क्युवेटमधलं पाणी ३७ ला पोचलेलं असेलच असं नाही.

आता मुख्य गोष्ट, गाभा. इथे मी तुमच्याकडून एक हिशोब करून घेणार आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण या एका हिशोबातून मायसेलची रचना जितकी कळते तितकी कुठल्याही चित्रातून कळत नाही.

पीपीओचा एक ब्लॉक म्हणजे ६५ एककं, प्रत्येकी ५८, एकूण वजन सुमारे ३७७०. पीपीओची घनता १.०१ धरली तर एका ब्लॉकचं आकारमान सुमारे ६.२ घन नॅनोमीटर होतं. गाभ्याची त्रिज्या ४.४ नॅनोमीटर धरा, म्हणजे गाभ्याचं आकारमान ३५७ घन नॅनोमीटर. गाभा संपूर्ण कोरडा असेल तर त्यात ३५७ भागिले ६.२, म्हणजे ५७ साखळ्या मावतात. आता गाभ्यात पाव हिस्सा पाणी आहे असं माना. साखळ्या उरल्या ४३. त्रिज्या तीच, चित्र तेच, पण रेणूंची संख्या चौदाने कमी. म्हणजे नुसत्या त्रिज्येवरून गाभा ओला की कोरडा हे कळणं शक्य नाही. त्यासाठी एका मायसेलमध्ये किती साखळ्या आहेत, ही एकत्रीकरण संख्या स्वतंत्रपणे हाताशी हवी.

पाव हिस्सा पाणी ऐकायला फार वाटतं. पाण्याच्या एका रेणूला सुमारे ०.०३ घन नॅनोमीटर जागा लागते. ८९ घन नॅनोमीटरमध्ये जवळपास तीन हजार रेणू बसतात, आणि ४३ साखळ्यांची पीओ एककं होतात २७९५. म्हणजे एका पीओ एककामागे पाण्याचा साधारण एक रेणू. प्रत्येक पीओमध्ये एक ईथर ऑक्सिजन (दोन कार्बनांच्या मधला) आहे, तो हायड्रोजन बंधासाठी हात पुढे करून बसलेला आहे, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट अजिबात अशक्य वाटत नाही.

मग प्रत्यक्षात किती असतं? या प्रश्नावर १९९० च्या दशकात बरंच काम झालं. डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सेन आणि पेडरसेन यांनी पी-८५ या भावंडावर न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे प्रयोग केले. त्यांच्या मांडणीत गाभा पीपीओचा दाट गोळा होता आणि भोवती पीईओ. पुढे एमआयटीतल्या हॅटन यांच्या गटाने मायसेल बनण्याच्या तापमानाजवळचा पट्टा बारकाईने तपासला. मायसेल नुकतं बनतं तेव्हा गाभ्यात पाणी बऱ्यापैकी असतं आणि तापमान वाढत जाईल तसं ते बाहेर पडतं, असं त्यातून दिसलं. लिऊ आणि चेन यांनी वेगळंच मॉडेल वापरलं: आतला भाग जवळपास एकसारख्या दाटीचा, आणि बाहेरचा हळूहळू विरत जाणारा, काठ नसलेला. माझा कल याच बाजूला आहे. मायसेलची आतली रचना म्हणजे आतून बाहेर पाणी वाढत जाण्याचा एक उतार आहे. गाभा आणि झालर ही त्या उताराच्या दोन टोकांची सोयीसाठी दिलेली नावं आहेत, आणि तापमान बदललं की अख्खा उतार सरकतो.

इतक्या चांगल्या साधनांनीही आकडा एकमुखाने का ठरत नाही, हे समजून घ्यायला न्यूट्रॉनला काय दिसतं ते पाहावं लागेल. न्यूट्रॉनला पदार्थ दिसतो तो प्रकीर्णन-लांबीच्या घनतेवरून, म्हणजे तो पदार्थ न्यूट्रॉनला किती जोराने विखुरतो त्या मापावरून. दहाचा दहावा घात प्रति चौरस सेंटीमीटर या मापात पीईओची घनता सुमारे ०.६४, पीपीओची ०.३४, साध्या पाण्याची उणे ०.५६ आणि जड पाण्याची (ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड प्रकार ड्युटेरियम असतो) ६.४. जड पाण्यात नमुना केला की पॉलिमर आणि द्रावक यांत भरपूर फरक मिळतो, मायसेल ठळक दिसतं. पण पीईओ आणि पीपीओ एकमेकांपासून जवळजवळ वेगळे दिसत नाहीत! म्हणजे न्यूट्रॉनला ‘पॉलिमर किती दाट’ हे कळतं, ‘कोणता पॉलिमर’ हे कळत नाही. गाभ्याच्या काठावर पीईओची काही एककं आत शिरली आहेत की पाणी आत शिरलं आहे, याचा निवाडा मॉडेल करतं. काठ धारदार मानला तर एक उत्तर मिळतं, विरता मानला तर दुसरं. खरा मार्ग म्हणजे ज्यात पीईओच्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे असा पॉलिमर बनवून घेणं आणि जड-साध्या पाण्याचं मिश्रण बदलत आळीपाळीने एकेक ब्लॉक ‘अदृश्य’ करणं. ते खर्चिक आहे, पण त्या तोडीचा पुरावा दुसरा नाही. आणखी एक: जड पाण्यात हे मायसेल किंचित कमी तापमानाला बनतात. त्यामुळे न्यूट्रॉनचा २५ अंशांचा आकडा आणि तुमच्या साध्या पाण्यातला डीएलएसचा २५ अंशांचा आकडा शेजारी मांडताना जपून.

न्यूट्रॉनशिवायही गाभ्याबद्दल बरंच कळतं, आणि हे आपल्याकडच्या साधनांनी करता येतं. पायरीन हा चकाकणारा रेणू त्यासाठी उत्तम. त्याच्या वर्णपटातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शिखराचं गुणोत्तर पाण्यात १.८ च्या आसपास असतं आणि हेक्सेनमध्ये ०.६ च्या. प्लुरॉनिक मायसेलमध्ये ते या दोघांच्या मधे राहतं, हेक्सेनच्या जवळ जात नाही. म्हणजे गाभा तेलासारखा कोरडा नाही, त्यात ध्रुवीयपणा उरला आहे. तो ईथर ऑक्सिजनचाही असू शकतो आणि पाण्याचाही, त्यामुळे या एका पुराव्यावर पाण्याचं प्रमाण ठरवू नका. दुसरं साधन एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या हायड्रोजनचे संकेत वाचणारं तंत्र. जड पाण्यात पीपीओच्या मिथाइलचं शिखर १.१ पीपीएमला दिसतं आणि पीईओचं ३.६-३.७ ला. तापमान वाढवत नेलं की पीईओचं शिखर तसंच टोकदार राहतं, मिथाइलचं रुंद होतं आणि किंचित सरकतं, पण नाहीसं होत नाही. साखळ्या गाभ्यातही हलत्या आहेत याची ती खूण. पीपीओचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली साखळ्या काचेसारख्या गोठतात ते, शून्याखाली ७० अंशांच्या जवळपास आहे. म्हणजे गाभा म्हणजे घट्ट गोळी नाही, एक दाट द्रव आहे, आणि त्यातल्या साखळ्या सतत बाहेर पडतात, दुसऱ्या मायसेलमध्ये शिरतात.

पॉलिस्टायरीनचा गाभा घेतला की हे सगळं उलटतं. त्याचं काच-संक्रमण १०० अंशांच्या आसपास, त्यामुळे पाण्यात ते मायसेल बनलं की गोठलंच. एनएमआरमध्ये गाभ्याचं शिखर दिसेनासं होतं, साखळ्यांची देवघेव थांबते. असं मायसेल तुम्ही कसं बनवलंत, द्रावक किती वेगाने काढलात, यावर त्याची रचना ठरते. ते समतोलात नसतं. पॉलिलॅक्टाइडचा गाभा खोलीच्या तापमानाला याच गटात येतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा गाभा मऊ असला तरी त्यात स्फटिक तयार होऊ शकतात, आणि स्फटिक झाले की औषधाला जागा कमी पडते. ‘ब्लॉक कोपॉलिमर मायसेल’ या एका शीर्षकाखाली इतके वेगळे स्वभाव येतात, म्हणून एका पॉलिमरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावण्याआधी गाभा द्रव आहे की काच आहे की स्फटिक, हे आधी विचारा.

आता झालर. तिच्याकडे विद्यार्थी फारसं बघत नाहीत, पण मायसेलचं बहुतेक आकारमान तिचंच आहे. मघाचाच हिशोब पुढे नेऊ. ४३ साखळ्या म्हणजे पीईओची ८६ टोकं गाभ्याच्या पृष्ठभागातून बाहेर आलेली. पृष्ठभाग २४३ चौरस नॅनोमीटर, म्हणजे एका टोकाच्या वाट्याला सुमारे २.८, दोन टोकांत अंतर १.७ नॅनोमीटर. शंभर एककांची पीईओ साखळी पाण्यात मोकळी सोडली तर तिचं वेटोळं पाच-साडेपाच नॅनोमीटर रुंद होतं. पावणेदोन नॅनोमीटरच्या जागेत एवढं वेटोळं मावणार कसं? शेजारी दाटीने उभे असल्यामुळे साखळ्या बाहेरच्या दिशेने ताणल्या जातात. झालरीची जाडी, ११ (डीएलएसच्या २२ व्यासाची त्रिज्या) वजा ४.४, म्हणजे ६.६ नॅनोमीटर येते ती या दाटीमुळे. तरीही ताणून सरळ केलेल्या साखळीच्या लांबीच्या तुलनेत ती बरीच कमी आहे. म्हणजे साखळ्या ताठ उभ्या काठ्या नाहीत, अर्धवट ताणलेल्या, वळवळत्या आहेत.

झालरीतलं पाणी मोजा. ४३ रेणूंचा सगळा पीईओ मिळून ५६० घन नॅनोमीटर भरतो. ११ त्रिज्येच्या गोलातून गाभा वजा केला तर झालरीला ५२२० घन नॅनोमीटर जागा मिळते. पीईओ त्यात फक्त ११ टक्के. गाभा कोरडा मानून ५७ साखळ्या धरल्या तरी १४ टक्के. बाकी सगळं पाणी, एका ईओ एककामागे सरासरी अठरा रेणू. त्यातले दोन-तीनच खऱ्या अर्थाने ईथर ऑक्सिजनला धरून असतात, उरलेले साखळ्यांच्या जाळ्यात नुसते वावरतात. ही सरासरीही एकसारखी पसरलेली नसते. गाभ्यालगत साखळ्या दाट, तिथे पाणी कमी. बाहेर गोलाचा घेर वाढत जातो, साखळ्यांना जागा मिळते आणि पॉलिमरची दाटी वेगाने घसरते. १९८२ मध्ये दाऊद आणि कॉटन यांनी तारकाकृती पॉलिमरसाठी ही घसरण गणिताने मांडली: चांगल्या द्रावकात दाटी अंतराच्या चार-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. केसाळ मायसेलच्या झालरीलाही हेच चित्र बऱ्याच अंशी लागू पडतं.

झालरीचा प्रत्यक्ष ठसा पाहायचा असेल तर एसबीए-१५ ही सच्छिद्र सिलिका पाहा. १९९८ मध्ये पी-१२३ या पोलोक्झामरच्या मायसेलभोवती आम्लात सिलिका जमवून ती बनवली गेली. पॉलिमर जाळून टाकल्यावर गाभ्याच्या जागी सरळ, षट्कोनी मांडणीतले बोगदे उरतात. पण त्या बोगद्यांच्या भिंतींतही अतिसूक्ष्म छिद्रं सापडतात. ती पीईओच्या साखळ्या सिलिकेत रुतल्या होत्या त्यांच्या जागा आहेत. विरत्या काठाचा इतका देखणा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

जेलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या गाईड विचारतीलच. २० टक्के एफ-१२७ फ्रीजमध्ये पाण्यासारखं वाहतं आणि बाकावर ठेवलं की घट्ट होतं. यात साखळ्यांचं जाळं वगैरे विणलं जात नाही. मायसेल इतके दाट होतात की ते घनाकृती (क्यूबिक) मांडणीत रचून बसतात. मॉर्टेन्सेन आणि पेडरसेन यांनी दाखवलं की मायसेलना टणक गोल मानलं आणि त्यांनी व्यापलेला हिस्सा ०.५३ ला पोचला की हे घडतं. आता ११ नॅनोमीटर त्रिज्या धरून २० टक्क्यांचा हिशोब करा. एकूण व्यापलेला हिस्सा १.२ च्या वर येतो, म्हणजे भांड्यापेक्षा जास्त! गोल कितीही नीट रचले तरी ०.७४ च्या पुढे मावत नाहीत. याचा अर्थ उघड आहे: जेलमध्ये झालरी एकमेकींत घुसतात आणि दबतात, आणि एकमेकांना रेटणारी त्रिज्या ही डीएलएसच्या त्रिज्येहून लहान असते. म्हणजे गाभ्याची आणि डीएलएसची त्रिज्या धरून ही तिसरी त्रिज्या, तीही खरीच. जेल बनवताना मात्र आपल्याकडच्या ३० अंशांच्या बाकावर पावडर विरघळवायचा प्रयत्न करू नका. बाहेरचा थर आधी जेल होतो आणि आत गुठळ्या राहतात. बर्फात किंवा फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून विरघळवा.

राहिलं कर्क्युमिन. ‘जलविरोधी औषध जलविरोधी गाभ्यात’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रबंधात असतं आणि बहुतेक वेळा कोणी तपासलेलं नसतं. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही हे खरं, पण त्यावर फिनॉलचे गट आहेत आणि फिनॉलला ईथर ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करायला आवडतं. ते ऑक्सिजन गाभ्यात आहेत तसे झालरीतही आहेत. असे रेणू बरेचदा गाभ्याच्या काठाशी, पीईओची दाटी सर्वांत जास्त असते तिथे जमतात. काठ विरता आहे हे एकदा मान्य केलं की यात नवल वाटत नाही. तपासायचं असेल तर सोप्यापासून सुरुवात करा. कर्क्युमिन स्वतःच चकाकतं. पाण्यातून कमी ध्रुवीय जागी गेलं की त्याचं उत्सर्जन वाढतं आणि निळ्या बाजूला सरकतं. वेगवेगळ्या ध्रुवीयतेच्या द्रावकांत ते मोजून ठेवा आणि मायसेलमधलं मोजमाप त्या ओळीत कुठे बसतं ते पाहा. नंतर नोएझी एनएमआर (कोणते प्रोटॉन एकमेकांजवळ आहेत हे दाखवणारा प्रयोग) करा: कर्क्युमिनच्या वलयातले प्रोटॉन १.१ पीपीएमच्या मिथाइलशी बोलतात की ३.६ च्या पीईओशी, हे त्यात थेट दिसतं. क्षारीय बफरमध्ये कर्क्युमिन लवकर मोडतं आणि मायसेलमध्ये टिकतं, एवढ्यावरून ‘गाभ्यात आहे’ म्हणू नका. काठावरही पाणी कमीच असतं, तिथेही ते टिकेल.

औषध भरल्याने मायसेल तेच राहतं असंही धरू नका. गाभा फुगतो, एकत्रीकरण संख्या बदलते, मायसेल बनण्याचं तापमान बहुधा खाली येतं. फॉस्फेट बफरमधले क्षारही ते खाली ढकलतात. म्हणून रिकामं मायसेल शुद्ध पाण्यात आणि भरलेलं फॉस्फेट बफरमध्ये (पीबीएस) मोजून केलेली तुलना कामाची नाही. दोन्ही एकाच माध्यमात, एकाच तापमानाला, एकाच प्रमाणात मोजा आणि तक्त्याच्या मथळ्यात हे तिन्ही लिहा. न्यूट्रॉन प्रकीर्णन करायचं मनात असेल तर युजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत ध्रुववर वेळ मागता येतो. गोव्याहून जाताना नमुने बनवून नेऊ नका, पॉलिमर न्या आणि द्रावण तिथे जड पाण्यात करा.

आणि प्रस्तावात ‘शिरेतून देण्यासाठी’ असं लिहिलं असेल तर हा शेवटचा हिशोब जरूर करा. १ टक्का द्रावणाचे ५ मिलिलिटर म्हणजे ५० मिलिग्रॅम पॉलिमर. ५ लिटर रक्तात तो ०.००१ टक्का होतो. ३५ अंशांना मायसेल टिकायला ०.०२५ टक्के लागतो. म्हणजे द्रव गाभ्याचं हे मायसेल शिरेत गेल्यावर टिकण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, सुट्या साखळ्यांकडे त्याचा ओढा राहणार. शिरेतून द्यायच्या पॅक्लिटॅक्सेलसाठी दक्षिण कोरियात मंजूर झालेल्या मायसेल औषधात पॉलिलॅक्टाइडचा ताठ गाभा आहे. एफ-१२७ ची जागा डोळ्यात, त्वचेवर, जखमेवर, जिथे लावलं तिथेच जेल होऊन राहायचं आहे तिथे आहे. तुमचं कर्क्युमिन हिरड्यांसाठी किंवा जखमेसाठी असेल तर पॉलिमरची निवड बरोबर आहे. मग डीएलएसपेक्षा ३२ ते ३७ अंशांमध्ये जेल किती घट्ट होतं आणि त्यातून कर्क्युमिन किती वेगाने सुटतं, या मोजमापांना जास्त दिवस द्या.